माडीवरचं वावर

हळदीकुंकवाला गेले, की कोणीतरी विचारतंच. "तुम्ही म्हणे कम्प्युटरचा गेम केला? तुम्ही?" त्यातलं दुसरं 'तुम्ही' जरा लांब ओढलेलं असतं! त्यांचं तरी काय चुकलं? मी सातवी पास. आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती. आठवीला धारणीला जावं लागायचं, आणि धारणीची एसटी तिच्या मर्जीनं यायची.

तर मी सरळ उत्तर द्यायला जाते आणि मधेच एखादा किस्सा आठवतो. तो सांगता सांगता चहा येतो, चहा पिता पिता दुसरा आठवतो, आणि उत्तर राहून जातं. अशी राहून गेलेली उत्तरं इतकी साठलीत, की आता उत्तराचा नाद सोडलेला बरा. किस्सेच सांगते.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. गेम करणारी खरी माझी नणंद, रश्मी. अमरावतीला इंजिनिअर झाली, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, आणि एक दिवस कम्प्युटर गोधडीत गुंडाळून अकोल्याला परत आली. म्हणाली, "मी गेम करणार. शेतीचा. एकदम शांत. जंगलाजवळ एक गाव, झाडात राहणारी वनबाई, पाऊस वेळेवर, आणि काहीच बुडत नाही." गावाचं नाव तिनं जांभूळझिरा ठेवलं.

त्या वर्षी बोंडअळीनं आमच्याकडचा कापूस उभ्या उभ्या खाल्ला होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर शेती केलेला माणूस. ते आपलं वावर, म्हणजे शेत, दुसऱ्याला बटाईनं करायला देऊन आमच्याकडे अकोल्यात राहायला आले होते. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा गोधडीकडे पाहिलं.

"काहीच बुडत नाई?"

"नाही बाबा."

"मंग तिले शेती कावून म्हनतं?"

पण लेक त्यांची लाडकी. वावराचे सगळे करार पाडव्याला होतात, म्हणून त्यांनी मुदत दिली तीही पाडव्याचीच. "पाडव्याले मी सोता बसून पाहीन. अर्ध्यातून उठलो, तं हे बंद. मंग पुन्याच्या नोकरीले हो म्हनायचं." पुण्याचं ऑफिस तिला अजून बोलवत होतं. रश्मीनं मान हलवली. मीही हलवली. मला कोणी विचारलं नव्हतं!

*

मी यात आले ती मॅटीमुळे. मॅटी म्हणजे ते चौकटी-चौकटीचं कापड, त्यावर फुलीचा टाका घालून चित्र भरतात. लग्नाच्या आधी मी तेवढंच केलं. मोर, राघू, ताजमहाल, पुन्हा मोर.

रश्मीला सगळं येतं, चित्र येत नाही. तिनं कम्प्युटरवर गाय काढली आणि माझ्या तीन वर्षांच्या आरूला दाखवली. आरू आनंदानं ओरडली, "भूभू!"

रश्मी हिरमुसली. मग तिचं लक्ष आमच्या दाराच्या तोरणाकडे गेलं. जवळ जाऊन नाक लावून पाहिलं.

"वहिनी, हे तुमी चौकटी मोजून भरलं?"

"मंग! मोजल्याबिगर होते का?"

"गेममधली चित्रंपण अशीच असतात. चौकटी मोजून. तुमी काढाल? मला एक बैल द्या."

मी तीन दिवस मागून घेतले. आरू दुपारी झोपली की बसायचे. तिसऱ्या दिवशी बैल दिला. काळेभोर डोळे, शिंगांना लाल गोंडे, पाठीवर झूल. रश्मीनं तो दोन्ही हातांत धरला, उलटा केला, मागच्या गाठी पाहिल्या.

"वहिनी, हा कम्प्युटरवर काढायचा होता."

"मंग तसं सांगा लागत होतं ना!"

मग माऊस शिकले. पहिल्याच दिवशी एक चौकट चुकली. मी घाबरून विचारलं, "आता हे उसवायचं कसं?" रश्मीनं एक बटण दाबलं आणि चूक गेली. सुई नाही, कात्री नाही, कापडाला भोक नाही!

त्या दिवशी मी एकही चित्र काढलं नाही. दुपारभर मुद्दाम चुका केल्या आणि उसवत बसले.

*

रश्मीच्या पुण्याच्या मैत्रिणी म्हणाल्या, बैल फार खरा झाला, जरा गोंडस पाहिजे. डोळे मोठे करा, गाल गुलाबी करा. मी केले. डोळे निम्म्या तोंडाएवढे आणि गालांवर दोन-दोन गुलाबी चौकटी. मला तर तो बैल बारशाला निघाल्यासारखा वाटत होता, पण शिकलेल्या मुली सांगतात म्हटल्यावर मी कोण बोलणार?

रश्मीचा कम्प्युटर माडीवर होता, आणि मामाजींनी तिथं पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. पाडव्याच्या आधी गेम पाहायचा नाही! पण बैलाचं चित्र रश्मीनं छापून खाली जिन्याच्या तोंडाशी लावलेलं, ते त्यांना दिसलं. चष्मा पुसून त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"याचे डोये सुजले. ताप हाय याले."

रश्मीनं सांगून पाहिलं की हा असाच असतो, गोड. मामाजींचं आपलं तेच. रोज जिन्यापाशी थांबून मला विचारायचे, "बैल कसा हाय?" मी काय सांगू? सून माणूस! "तसाच हाय, मामाजी." तर म्हणायचे, "दावनीचा बैल असा ठेवू नोये. दाखवा कोनाले तरी."

आठव्या दिवशी मला सहन होईना. मी गपचूप डोळे दोन-दोन चौकटी कमी केले, गालांची लाली काढली, आणि नवं चित्र जिन्यात लावलं.

मामाजी थांबले. पाहिलं. "आता उतार हाय," म्हणाले आणि बाजारात गेले.

*

आता माझ्या भीतीचा किस्सा. मी फार भिते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आरू शिंकली तरी मी आधी दार लावते. जांभूळझिऱ्यात बारा लेकरं होती, सगळी मी काढलेली. खेळत असायची इकडं तिकडं. आणि गावात तीन विहिरी, उघड्या!

मला चैन पडेना. एका दुपारी मी तिन्ही विहिरींच्या चित्रांवर झाकणं बसवली. चांगली लाकडी, वर लोखंडी पट्टी.

रश्मीनं ते न पाहताच गेम दहा-बारा ओळखीच्यांना खेळायला पाठवला. चार दिवसांनी एकेकाचे फोन यायला लागले. विहीर बंद आहे, किल्ली कुठं मिळते? एकानं सगळं गाव पालथं घातलं होतं. एकानं वनबाईला पाच वेळा लाडू नेऊन दिले, ती किल्ली देईल म्हणून. आणि पाण्यावाचून सगळ्यांची पिकं माना टाकून उभी!

जिथं पाऊस वेळेवर येतो, काहीच बुडत नाही, त्या गावात पहिला दुष्काळ मी आणला.

*

झाकणं काढली. पण लेकरांचं काय?

दोन आठवड्यांनी रश्मी वैतागलेली दिसायला लागली. गेममध्ये काहीतरी बिघाड होता आणि तो सापडत नव्हता. दिवसभर कम्प्युटरसमोर, पुण्याच्या मैत्रिणींना फोन. "सगळ्यांच्या नाही गं, फक्त लहान मुलांच्या. हो, डाव्याच गालावर. मी पुसते, दुसऱ्या दिवशी परत येतं!"

मी तिला चहा नेऊन देत होते. वाईट वाटत होतं. पण माझंही एक दुखणं होतं, ते मी तिला सांगितलं नव्हतं. मी लेकरांचं चित्र नीट करून ठेवायचे आणि सकाळी पाहावं तर पुसलेलं! मला वाटलं, माऊस आपल्याला अजून जमत नाही. म्हणून मी बिचारी रोज दुपारी ती जेवायला खाली उतरली, की पुन्हा करून ठेवायचे.

असं पाच दिवस चाललं. ती पुसायची, मी लावायचे. दोघी एकमेकींना चहा देत होतो!

सहाव्या दिवशी ती लवकर जेवून वर आली आणि मी खुर्चीवर सापडले.

"वहिनी! तुमी? हा काळा ठिपका तुमी लावता?"

"मंग! एवढी साजरी लेकरं. साऱ्या दुनियेचे लोक पाहतीन. तीट नाई लावायची त्यायले?"

रश्मी जिन्याच्या पायरीवर बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. पण तीट राहिली. आणि आता कोणालाही गेम दाखवायच्या आधी तीच मला विचारते, "वहिनी, सगळ्यांना लावली ना?"

*

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गेम खेळून पाहायला आढेवेढे घेतले नाहीत. त्यांना एवढंच विचारायचं होतं की चपला काढायच्या का!

या गेममध्ये शेजाऱ्यांना खाऊ नेऊन दिला की ते खूश होतात, आणि मग हळूहळू दोस्ती होते. आत्याबाईंनी वाटीभर लाडू गंगाबाईला नेऊन दिले. गंगाबाई म्हणजे गेममधली, विहिरीजवळ राहते ती. गंगाबाई म्हणाली, "किती छान! आभारी आहे!" तिच्या डोक्यावर दोन लाल बदाम उडाले.

आत्याबाई तिच्या दारात उभ्याच.

"आई, झालं. चल आता पुढं," रश्मी म्हणाली.

"वाटी?"

"काय वाटी?"

"माह्यी वाटी देऊ दे ना तिले."

"वाटी नाही मिळत गं आई. गेली ती."

"गेली?" आत्याबाईंनी माऊस सोडला. "लाडू खाल्ले आन् वाटी बी ठेवून घेतली? आन् वरून हासते?"

त्यानंतर त्या आठ दिवस रोज खेळल्या, पण गंगाबाईच्या दारावरून गेल्या नाहीत. वावरात जायचा रस्ता तिच्याच दारावरून होता. त्या आख्ख्या गावाला वळसा घालून जायच्या! रश्मी मला म्हणाली, "वहिनी, आईनं गेममध्ये भांडण केलं. माझ्या गेममध्ये भांडण करताच येत नाही!"

शेवटी तिनं पंधरा दिवस खपून ते बदललं. आता खाऊ दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण स्वतः वाटी परत आणून देते. आणि रिकामी नाही देत. रिकामं भांडं परत द्यायची रीत आहे का आपल्याकडे?

आत्याबाईंना बोलावलं. सकाळ झाली, गंगाबाई वाटी घेऊन दारात आली. आत्याबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं.

"वांग्याची भाजी हाय. तेल कमी दिसते." मग जरा थांबून, "पन वळन लागलं तिले."

*

आवाजाचा किस्सा युसूफभाईंचा. ते आमच्या गल्लीत गाद्या-रजया भरतात. आता काम मशिनवर चालतं, पण त्यांच्या वडिलांची कापूस पिंजायची धनुकली दुकानात भिंतीवर टांगलेली आहे. सणावाराला ते ती काढतात, पुसतात, एकदा वाजवून ठेवून देतात. तंय्य तंय्य करून असा आवाज येतो, की गल्लीतली लेकरं गप्प होतात.

रश्मी म्हणाली, वनबाई झाडातून बाहेर येते तेव्हा हाच आवाज पाहिजे.

युसूफभाई आले ते इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून. मी म्हटलं, "भाईजान, फक्त आवाज घ्यायचा आहे, फोटो नाही."

"तो क्या हुआ? आवाज को भी इज्जत होती है, बेटा."

सगळ्या खिडक्या-दारं लावली. पंखा बंद. मी आरूच्या तोंडात बिस्कीट दिलं. युसूफभाईंनी तार छेडली आणि खाली कांदेवाला ओरडला. दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी. तिसऱ्यांदा बिस्कीट संपलं. सहाव्यांदा एकदम सुरेख जमलं, सगळे श्वास रोखून बसलो, आणि अगदी शेवटी, लांबून, बारीक आवाज आला, "भंगाऽऽर!"

युसूफभाईंनी धनुकली खाली ठेवली. "अब ये उसकी किस्मत है. मेरे हाथ दुखने लगे."

रश्मीनं तसंच ठेवलं. म्हणाली, कोणाच्या लक्षात येतंय?

महिनाभरानं एका खेळणाऱ्याचं लांबलचक पत्र आलं. त्यानं लिहिलं होतं, वनबाई येते तेव्हा जंगलाच्या आतून एक दुःखी माणूस हाक मारतो. मी तीन दिवस त्याला शोधतोय. तो कोण आहे? त्याचं काय हरवलंय?

रश्मीनं युसूफभाईंना ते वाचून दाखवलं. ते गंभीर होऊन म्हणाले, "लिख दो, मिल जाएगा. हर इतवार को आता है."

*

माझे मिस्टर कृषी केंद्रात काम करतात. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दिवसभर शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून येतात, म्हणून घरी शेतीचं नाव काढलेलं त्यांना चालत नाही. पण एका रविवारी बसले खेळायला. बसले ते बसलेच!

संध्याकाळी रश्मीला हाक आली. "अवं, हे पाय बरं. मानूस अडकला माह्या."

पाहतो तर काय! घरभर कापूस. पलंगावर, चुलीपाशी, दारापर्यंत, खिडकीपर्यंत. आणि मधोमध त्यांचा माणूस, चारी बाजूंनी कापसात चिणलेला. ना पुढं जाता येतंय, ना मागं.

"दादा, तू विकला का नाही कापूस? गावात व्यापारी रोज येतो ना!"

"भाव वाढू दे."

"भाव वाढत नसतो यात. एकच भाव आहे, बारा महिने."

"असं कुठं असते का? भाव कोन ठरवते?"

"मी ठरवते."

हे एकदम सरळ होऊन बसले. लहान बहिणीकडे त्यांनी असं आदरानं कधी पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मंग वाढव ना माय!"

"दादा, गेम आहे हा."

"म्हनूनच तं सांगून राहिलो!"

*

अमरावतीला एका कॉलेजात प्रदर्शन होतं. तरुण मुलांच्या नव्या नव्या कल्पना वगैरे. आम्हाला टेबल मिळालं ते मैदानाच्या टोकाला, आणि त्याच्या पलीकडे शेतीचं प्रदर्शन लागलेलं. आमच्या एका बाजूला फवारणीचे पंप, दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्या. आणि मधे आमचं बॅनर. त्यावर माझं कपाशीचं झाड, माणसाएवढं, बोंडांनी लगडलेलं. काढताना मी हात राखला नव्हता!

रश्मी वायर शोधायला गेली. मी एकटी. तेवढ्यात एक शेतकरी आले, बॅनरसमोर उभे राहिले.

"हे कोन्तं वान हाय, बाई?"

मला कोणी काही विचारलं की मी घाबरते, आणि घाबरले की खरं तेच सांगते. "जांभूळझिरा."

"नवीन दिसते."

"हो. बाजारात नाही आलं अजून."

"बोंडअळी?"

"येतच नाही."

"पानी?"

"एक दिवसाआड."

"वेचा कवा येते?"

"वेचणी पाचव्या दिवशी."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग मागे वळून ओरडले, "ओ पाटील! इकडं या बरं लवकर!"

रश्मी वायर घेऊन आली तेव्हा टेबलाभोवती पंधरा-वीस माणसं होती. कोणी पिशवी केवढ्याची विचारत होतं, कोणी दुकान कुठं आहे विचारत होतं, आणि मी हात जोडून उभी होते. रश्मीनं सगळं समजावून सांगितलं. एकेक करून गेले. जाताना माझ्याकडे असं पाहत होते, की मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

एक म्हातारे बाबा तेवढे थांबले. म्हणाले, "आता आलो तं दाखव. कसं फुटते बोंड?"

रश्मीनं दाखवलं. ते बोंड मी चार चित्रांत फोडलं आहे. आधी चीर पडते, मग पाकळ्या मागे जातात, मग कापूस जरासा खाली लोंबतो.

"पुन्यांदा."

पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं. बाबांनी पिशवी काखेला मारली.

"खोटं हाय सारं," ते म्हणाले, "पन फुटते बराबर."

सातवीनंतर मला मिळालेलं सर्टिफिकेट ते हेच!

*

आणि मग पाडवा आला.

रश्मीनं आठ दिवस नीट जेवण केलं नव्हतं. पुण्याच्या ऑफिसचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता, तिनं "उद्या सांगते" म्हटलं होतं. माझी तर त्याहून वाईट गत. तिला पुणं तरी होतं. तिचं बंद झालं असतं तर मी पुन्हा मोराला लागले असते!

गुढी उभारली. मामाजी आंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून माडीवर आले आणि खुर्चीवर बसले. रश्मी शेजारी उभी. मी आरूला कडेवर घेऊन दारात.

गेम सुरू झाला. मामाजींनी आपला माणूस वावराच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालवायला सुरुवात केली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. पूर्ण चक्कर मारली.

"बाबा, बी त्या पेटीत आहे," रश्मी हळूच म्हणाली.

"आधी वावर तं पाहू दे."

वावर पाहून झालं. मग ते थांबले. काहीच करेनात. गेममधला एक दिवस गेला. दुसरा गेला. मामाजी हात मांडीवर ठेवून बसलेले.

"बाबा, पेरा ना."

"पाऊस कुठं आला?"

"इथं पेरायला पाऊस लागत नाही."

"तुले नाई लागत. मले लागते."

पाच दिवस गेले. सहा गेले. रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. एवढा कंटाळवाणा गेम जगात कोणी खेळला नसेल! नवव्या दिवशी, तिनं ठरवून ठेवला होता तसा, पाऊस आला. मामाजी त्या पावसाकडे पाहत राहिले. मग माऊस धरला आणि पेरलं. ओळीमागून ओळ, एकही वेडीवाकडी नाही.

खालून आत्याबाईंनी जेवायला हाक मारली. मामाजी उठले नाहीत. पुरणपोळी वर आणून ठेवली, ती तशीच राहिली. पीक वर आलं, पात्या, म्हणजे कळ्या, धरल्या, बोंडं लागली. मामाजींना बरं वाटतंय की वाईट, काहीच कळेना.

पहिलं बोंड फुटलं.

आणि मामाजी उठले! खुर्ची मागे सारली आणि जिना उतरून गेले.

रश्मी होती तिथंच खाली बसली. मी आरूला घट्ट धरलं. मी म्हटलं, "पुण्यात माह्या मामेबहिणीचं घर आहे." ती नुसती मान हलवत होती.

जिन्यावर पावलं वाजली. मामाजी परत आले. हातात वाटी. वाटीत दहीभात. त्यांनी ती वाटी कम्प्युटरसमोर ठेवली, टोपी नीट केली, दोन्ही हात जोडले.

"पह्यला वेचा हाय," ते म्हणाले. "सीतादहीचा निवद दाखवल्याबिगर बोंडाले हात लावू नोये. तुमाले कोनी शिकवलंच नाई?"

मग बसले आणि वेचायला लागले. शेवटचं बोंड वेचून होईपर्यंत उठले नाहीत. गेमवर अक्षरं आली: हंगाम पूर्ण झाला.

रश्मीनं विचारलं, "कसं वाटलं, बाबा?"

मामाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"हे वावर कोनाचं हाय?"

"म्हणजे?"

"मालक कोन याचा?"

"मी," रश्मी म्हणाली. "मीच केलंय ना."

"मंग मले बटाईनं देतं का? बियानं तुह्यं, मेहनत माह्यी. निम्मं-निम्मं."

रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे.

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.